माठातला सिंह

मी ऐकलेला पहिला सिंह माठातला होता.

उन्हाळ्यात ओट्यावर बसून दिवाळीफोई रिकामा माठ मांडीवर घ्यायची, त्याच्या तोंडाला तोंड लावायची आणि असा काही आवाज काढायची की चबुतऱ्यावरची कबुतरं दाणे टाकून उडून जायची. आधी लांबून कोणी काहीतरी ओढत आणल्यासारखी घरघर, मग पोटातून वर येणारी साद, आणि शेवटी चार-पाच तुटक हुंकार, एकेक पायरी उतरल्यासारखे. अहमदाबादच्या त्या शेरीत, एका अरुंद गल्लीत, जिथं समोरच्याच्या कढीला फोडणी बसली की आमच्या घरात शिंका यायच्या, तिथं भर दुपारी सिंह येऊन जायचा.

"घाबरलास?" फोई माठातून तोंड काढून विचारायची.

"नाही."

"खोटं. तुझा बापही असंच म्हणायचा. हा आवाज त्याचा बरं का. मी नुसती नक्कल करते. त्याच्यासारखा येत नाही."

फोई माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेले तेव्हा मी अडीच वर्षांचा होतो. आईही मागोमाग गेली, आणि मला फोईनं वाढवलं. वडिलांचा चेहरा फोटोत होता, सही शाळेच्या दाखल्यावर होती, आवाज मात्र कुठंच नव्हता. लोकांना बापाकडून घड्याळ मिळतं, घर मिळतं. मला एक डरकाळी मिळाली, तीही ऐकीव.

त्या दोघा भावंडांचं गाव गीरच्या आत, हिरण नदीच्या काठी. पुढं ते गाव जंगलातून उठवलं. फोईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. तोवर रोज तिनं सिंहाची साद ऐकली होती, आणि एकदाही त्याला पाहिलं नव्हतं. दिवस कलला की मुलींना आत घेऊन कडी लावत. मला थोपटताना ती म्हणायची,

*डोंगरात राहे राजा, त्याची साद माझ्या दारी,*
*डोळां नाही देखियेला, तरी ओळख ती सारी.*

मी त्रेचाळीस वर्षांचा असताना फोईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले. आमचे डोळ्यांचे डॉक्टर जुन्या पद्धतीचे. ते म्हणाले, "याच थंडीत कापायला हवेत. पुढच्या थंडीपर्यंत थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"कापा की," फोई म्हणाली. "पण आधी मला सिंह दाखवा."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "कशासाठी?"

"उद्या डोळे उघडलेच नाहीत, तर आत बघत बसायला काहीतरी हवं ना. आजवर मी पाहिलंय काय? चूल आणि हा मनु."

तिला अजून उजेड कळत होता, रंग कळत होते, मोठ्या वस्तूंचे ढोबळ आकार कळत होते. डॉक्टरांनी खूप समजावलं. फोई ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. सिंह बघितला की लगेच येते." होळीपर्यंतची मुदत घेऊन आम्ही घरी आलो.

माझा बेत साधा होता. मी आणि फोई, एसटीनं गीरमधलं सासण, एक दिवस जंगल, दुसऱ्या दिवशी परत. हा बेत मी कुंदनला, म्हणजे माझ्या बायकोला, अगदी हळू आवाजात सांगितला. पण आमच्या शेरीतल्या भिंती ऐकायलाच बांधलेल्या. सकाळी मी दात घासत असताना समोरच्या ओट्यावरून चिनुभाई म्हणाले, "मनहरभाई, गीरला जाणार आणि वाटेत कच्छचं रण बघणार नाही? लोक काय म्हणतील?"

हे लोक म्हणजे कोण, ते मला आजवर कळलेलं नाही. चिनुभाई मिलच्या कापडाचे निवृत्त दलाल. स्वतः शेरीबाहेर फारसे पडले नव्हते, पण हिंदुस्थानातला प्रत्येक रस्ता त्यांना पाठ होता. त्यांनी तिथंच, तोंडात दातण असताना, नकाशा काढला. पहिल्या दिवशी छोटं रण आणि तिथली रानगाढवं. मग वेळावदरची काळवीटं. मग पालिताणा, कारण तिथून जाऊन शत्रुंजयचा डोंगर चढला नाही तर पाप. मग गीर. आणि गीरपर्यंत जाऊन सोमनाथला न जाणं म्हणजे, त्यांच्या मते, देवाच्या दारावरून नजर चुकवून जाणं.

"तुम्हाला एकटं कसं सोडू?" असंही ते म्हणाले. मला वाटलं, ही काळजी आहे. ती घोषणा होती.

आता चिनुभाई जैन. बाहेरचं खात नाहीत, कांदा-बटाटा वर्ज्य, आणि सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही नाही. म्हणून बरोबर स्वयंपाकाला गौरीशंकर महाराज हवेत. महाराज आले की दोन स्टोव्ह, चार पातेली आणि त्यांची लाकडी पेटी आली. एवढं सामान एसटीत जाईना, म्हणून मॅटाडोर आली. मॅटाडोर म्हणजे हबीबभाई ड्रायव्हर. एवढी मोठी गाडी अर्धी रिकामी नेणार का, म्हणून कुंदन आली. कुंदन आली म्हणून थेपले आले, सुखडी, खाखरे, गाठिया आणि फोईच्या हातच्या छुंद्याची, म्हणजे कैरीच्या गोड लोणच्याची, बरणी आली. आम्ही गुजराती चंद्रावर गेलो तरी आधी थेपले उतरतील, मग पाय. दोन तिकिटांचा बेत सहा माणसांचा आणि सहा दिवसांचा झाला, आणि यात माझा शब्द एकही नव्हता. घरचा कर्ता पुरुष मी. गाडीत माझी जागा पातेल्यांच्या शेजारी.

मध्ये परवान्याचं प्रकरण झालं. जंगल खात्याच्या कचेरीतला कारकून सज्जन होता, पण रकान्यांचा माणूस होता.

"माजींची जन्मतारीख?"

"हिरणला पूर येऊन रामजी मंदिराची पायरी वाहून गेली, त्या श्रावणात," फोई म्हणाली.

"साल कोणतं?"

"ते पायरीला माहीत."

त्यानं पंचाहत्तर लिहिलं. पुढच्या रकान्यात प्रवासाचा उद्देश विचारला होता. मी खरं ते सांगितलं. तो विचारात पडला आणि त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नेत्रचिकित्सेपूर्वी सिंहदर्शन'. त्यामुळे कागद आरोग्याचा की जंगलाचा, असा प्रश्न वरच्या साहेबाला पडला. डॉक्टरांचं पत्र जोडा म्हणाले. पत्र जोडलं, तर वयाचा दाखला जोडा म्हणाले. पंधरा दिवस ती फाईल या टेबलावरून त्या टेबलावर सहल करत होती, आमच्या आधी. शेवटी परवाना मिळाला तो एका संध्याकाळच्या एका फेरीचा. "फेरी हुकली तर पुढचा नंबर होळीनंतर," कारकून म्हणाला. त्यानं फोईला नमस्कार केला आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं.

रणात पहिल्याच सकाळी मॅटाडोर रुतली. हबीबभाई म्हणत होते, "साहेब, ही जमीन वरून भाकरी आहे, आत खीर आहे." चिनुभाई म्हणाले, "नकाशात तर सरळ दाखवलंय." दोघांपैकी चिनुभाई वयानं मोठे, म्हणून आम्ही सरळ गेलो. मीठ पिकवणारी माणसं झोपडीतून आली, त्यांनी हसत हसत गाडी ढकलली, आणि मग चहा घेतल्याशिवाय सोडेनात. बशीतला तो काळा चहा नाकारणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावणं. चिनुभाईंनी उकळलेलं पाणी घेतलं, तेही त्यांच्याच बशीतून. एवढ्यात रानगाढवांचा कळप जवळून पळाला. आम्ही सगळे बशी सावरण्यात गुंतलो होतो. फोईनं मात्र मान तिरकी केली.

"अकरा," ती म्हणाली. "एक लंगडतंय."

मीठवाल्यांतला म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "दिसत नाही म्हणता, मा? आहेत अकराच."

वेळावदरला आमची बेअब्रू झाली. सोनेरी गवतात शंभरभर काळवीटं चरत होती, चित्रात मांडल्यासारखी. त्यांना पाहून आमच्या गाडीत पहिल्यांदा शांतता पसरली. तेवढ्यात, वाऱ्याच्या तोंडाला मॅटाडोरच्या आडोशानं महाराजांनी डाळीला फोडणी दिली. हिंग, मोहरी, लवंग आणि सुक्या मिरच्या. पहिलं काळवीट हवेत उडालं, मग दुसरं, मग सगळं गवतच उठून पळालं. जंगलाचा रखवालदार सायकलवरून शिंकत शिंकत आला. त्याला बरंच काही बोलायचं होतं, पण शिंका थांबेपर्यंत महाराजांनी त्याला ताट वाढलं होतं. जाताना तो मला एकट्याला बाजूला घेऊन रागावला. कर्ता पुरुष म्हणून माझा उपयोग प्रवासभर एवढाच झाला.

पालिताण्याला चिनुभाई पहाटे डोंगर चढले, साडेतीन हजारांवर पायऱ्या, अनवाणी, उपाशी. वर खायचं नाही हा नियम. उतरले तेव्हा चेहऱ्यावर तेज होतं आणि पायांत काही उरलं नव्हतं. तिथून पुढं त्यांना गाडीत चढवणं आणि उतरवणं हे काम मी आणि हबीबभाई करत होतो. मधोमध लोंबकळताना ते मला म्हणायचे, "मनहरभाई, एकदा चढायला हवं हो तुम्ही."

पाचव्या दिवशी सासण. मॅटाडोर हबीबभाईंपाशी गावात राहिली. जंगलात जीप, आणि जीप हाकायला आणि माग काढायला वालाभाई, पांढऱ्या गलमिशा, बोलणं मोजकं. जीपमध्ये पुढं फोई आणि मी, मागं कुंदन, चिनुभाई आणि डबा मांडीवर घेतलेले महाराज.

"डबा कशाला?" वालाभाईनं विचारलं.

"सूर्यास्त आत झाला तर?" चिनुभाई म्हणाले. वालाभाईनं जीप चालू केली.

दोन तास चितळं, मोर आणि धूळ पाहिली. फोई लोखंडी दांडा धरून बसली होती. चाकं पाण्यात उतरली तशी ती ताठ झाली.

"हिरण ना ही?"

"हा, मा."

"कुठला उतार? घाटाचा की वडाचा?"

वालाभाईनं वळून पाहिलं. "वडाचा. तुम्हाला कसं ठाऊक?"

"चढ संपला की थांब जरा," फोई म्हणाली.

चढ संपला तिथं वालाभाई तसाही थांबणार होता, कारण धुळीत पंजे उमटले होते, चहाच्या बशीएवढे. "तासाभरापूर्वीचे," तो कुजबुजला. "पाण्यावर येणार. आता कोणी हलू नका."

आम्ही हललो नाही. पानंसुद्धा हलत नव्हती. अशा वेळी मागून चिनुभाईंचा आवाज आला, "सूर्य किती राहिला?"

"वीतभर," कुंदन कुजबुजली.

"मग माझं काय?"

सकाळपासून त्या माणसानं दोन खाखरे खाल्ले होते, आणि आता नाही तर थेट उद्या सकाळी. महाराजांनी आवाज न करता डबा उघडला. थेपले काढले, छुंद्याची बरणी मांडीवर ठेवली. आणि वरच्या फांदीवरून एक वानर अगदी शांतपणे, पाहुण्यासारखं, उतरून आलं. त्यानं आधी थेपला घेतला. मग बरणी.

पाच दिवसांत महाराजांनी कधी आवाज चढवला नव्हता. आता ते जीपमध्ये उभे राहिले आणि त्यांनी जी आरोळी ठोकली, तिच्यापुढे फोईचा माठ काहीच नव्हता. वानर बरणीसकट झाडावर. बरणी दगडावर. चितळांनी ओरडायला सुरुवात केली, मोरांनी साथ दिली, टोळीतली उरलेली वानरं निषेध करायला आली, आणि पलीकडच्या बांबूत काहीतरी जड, नाराज, पाठ फिरवून दूर जाताना वाजलं.

सगळं थांबल्यावर वालाभाई म्हणाला, "एकोणीस वर्षं हे काम करतो. लोणच्यामुळे गेलेला सिंह पहिल्यांदा बघितला. म्हणजे तोही नाही बघितला."

चिनुभाईंच्या हातात अर्धा थेपला तसाच राहिला होता. ऊन तांबूस झालं होतं. फाटक बंद व्हायला अर्धा तास, परवाना संपायला तेवढाच. आणि फोई तशीच दांडा धरून, चेहरा वर करून बसलेली.

"मनु, आला का रे?"

मला डॉक्टरांचं टोपण लावलेलं पेन दिसलं. होळी दिसली. पुढच्या थंडीत भिंती चाचपत चालणारी फोई दिसली. आणि त्याच वेळी, पन्नास पावलांवर, पळसाखाली, मला एक दगड दिसला. पिवळट, पाठीला गोल, पुढून उचललेला, डोक्यावर वाळल्या गवताचा झुपका.

"फोई," मी म्हणालो. माझा आवाज आपोआप खाली गेला. मी खाकरलो. "आलाय. समोरच आहे. बसलाय. बोलू नकोस, मान हलवतोय."

वालाभाईनं माझ्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, फोईकडे पाहिलं. काठियावाडच्या माणसाच्या दारातून पाहुणा रिकामा जात नाही. "मोठा नर आहे, मा," तो म्हणाला.

कुंदननं पदर तोंडात धरला. चिनुभाईंना असत्य न बोलण्याचा नेम. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आयाळ कशी आहे?" फोईनं विचारलं.

"पिवळी. टोकाला काळी. वाऱ्यानं हलतेय." गवत हलत होतं, एवढं खरं होतं.

"पळसाखाली बसलाय?"

"हो. अगदी खाली."

"मग तोच," फोई म्हणाली. तिनं दांडा सोडला आणि हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती ते पुसेना. चिनुभाईंनी डोळे उघडून गळ्यातल्या डबा-कॅमेऱ्यानं एक फोटो काढला. फोटो काढणं म्हणजे बोलणं नव्हे, असं त्यांनी मला नंतर समजावलं. सोमनाथला समुद्रासमोर बसून त्यांनी दिवसभर काही खाल्लं नाही. "हा तुमच्या सिंहाचा उपास," ते म्हणाले. "मी बोललो नाही, पण गप्पही फार मोठ्यानं बसलो."

घरी आल्यावर फोई दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. "चला, कापा," म्हणाली.

शेरीत सिंह आमच्या आधी पोचला होता. बायका ओट्यावर येऊन बसत, फोई सांगे, आणि मला साक्षीला बोलावलं जाई. चिनुभाईंचा फोटो धुऊन आला. कुंदननं तो मोठ्या कौतुकानं चौकटीत घालून समोरच्या भिंतीवर लावला. हात जोडलेली फोई, पळस आणि दगड. इतका स्वच्छ फोटो त्या कॅमेऱ्यानं आयुष्यात काढला नव्हता. "सिंह कुठाय?" असं कोणी विचारलं की मी "गवतात" म्हणायचो.

दवाखान्यातून फोईला आणायच्या सकाळी मी तो फोटो काढून पलंगाखाली ठेवला आणि त्या जागी कॅलेंडर लावलं. फोई आली, बाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा लावून. उंबऱ्यात उभी राहून तिनं सगळं घर पाहून घेतलं. कुंदनच्या गालाला हात लावला. मग माझ्याकडे वळली.

"केस कुठं ठेवलेस रे?"

"गेले, फोई."

"मला कोणी सांगितलं नाही." मग भिंतीकडे पाहून, "इथं फोटो आहे म्हणत होतात तो?"

कुंदननं माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे. शेवटी वाकून पलंगाखालून तो मीच काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसला. फोई तो घेऊन ओट्यावर उजेडात जाऊन बसली. रिकामा माठ तिथंच होता, तिनं तो पायानं थोडा बाजूला सारला. काचांजवळ फोटो नेऊन ती बघत राहिली. समोरच्या ओट्यावर चिनुभाईंनी वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं, उलटं.

"फोई," मी म्हणालो, "माझं एक सांगायचं राहिलंय."

"थांब. माझं तुझ्या आधीपासून राहिलंय." तिनं दगडावर बोट ठेवलं. "आम्ही याला बेठेलो म्हणायचो. बसलेला. मी सात वर्षांची, तुझा बाप पाचचा. मला सिंह बघायचा म्हणून मी दोन दिवस रडत होते. तर हा मला हाताला धरून हिरणच्या पलीकडे घेऊन गेला, वडाच्या उतारानं, चढावर उभं केलं, आणि म्हणाला, 'बेन, तो बघ, बसलाय. बोलू नकोस, मान हलवतोय.' तेव्हा माझे दोन्ही डोळे धड होते, मनु. दगड मला दगडच दिसत होता. मी भ्यायल्यासारखं केलं आणि त्याच्या मागं लपले. जाईपर्यंत त्याला वाटत होतं, आपण बहिणीला सिंह दाखवला."

मी तिच्या शेजारी ओट्यावर टेकलो. "मग जीपमध्ये रडलीस कशाला?"

फोईनं चष्मा काढला, आणि जुन्या सवयीनं, न बघता, माझ्या गळ्याला हात लावला.

"खोटं बोलायच्या आधी तोही असाच आवाज खाली न्यायचा आणि खाकरायचा. लहानपणीही, मोठा झाल्यावरही. चाळीस वर्षं माठात तोंड घालून मी तो शोधत होते, मला कधी जमला नाही. त्या दिवशी माझ्या शेजारी बसून तुझा बाप बोलला, मनु."